छातीचे दुखणे आणि माझा कागद

मासिकाच्या चालकांनी कार्तिकाच्या अंकासाठी दवाखान्यातले काही अनुभव लिहून पाठवा असे कळवले, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. अनुभव लिहायचे ते आयुष्यभर नोकरी करून घरी बसलेल्यांनी. मी अजून विद्यार्थी आहे. वयाच्या मानाने उशिराचा, पण विद्यार्थीच. दर्यापूरकडच्या आमच्या गावात आमच्या घरातला शाळेची पायरी चढलेला मी पहिला. माझे पुस्तक उलटे धरले आहे की सुलटे, हे वडिलांना अजून कळत नाही. वैद्यकीच्या कॉलेजात तीन वर्षे झाली आणि घरात आजारपण आले. म्हणून कॉलेज सोडून दोन हंगाम मी अमरावतीच्या एका लहानशा दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केले. आता पुन्हा कॉलेजात आलो आहे. माझी नोकरी म्हणावी तर एवढीच.

पण त्या दोन हंगामांत मी एक कागद लिहिला. त्या कागदामुळे एका बाईला नांदते घर सोडावे लागले. तिच्या परवानगीने, नावे बदलून, ती हकीकत लिहितो.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, त्यामुळे सगळ्या जगाला अचानक वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली होती. दसऱ्यापासून अमरावतीच्या रस्त्यांवर खासरांची, म्हणजे कापसाच्या बैलगाड्यांची, रांग तुटत नसे. हवेत सगळीकडे रुईचे तंतू. दवाखान्यातल्या पाण्याच्या माठावर फडके बांधले तरी पाण्यात तंतू सापडायचे. आमचे मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस मी, एक मलमपट्टीवाला आणि औषधांचे कपाट.

त्या हंगामात छाती दुखते म्हणून येणारे इतके, की मी त्यांच्यासाठी वेगळी वही केली होती. वाचकांना धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. छातीत दुखणे हा एक रोग नव्हे. कोठे दुखते असे विचारले की एक बोट ठेवून जागा दाखवणारा रोगी बहुधा वाचतो. डोकरे, म्हणजे कापसाची मोठी पोती, उचलणारे हमाल असे बोट ठेवत. तिथे दाबले की ओरडत. बरगडीचे स्नायू दुखावलेले असत. शेक, पट्टा आणि चार दिवस ओझे बंद, एवढ्याने ते बरे होत. काहींची जळजळ पोटातून वर येऊन छातीत बसलेली असे. असे एक पाटील दर आठवड्याला मरणाच्या तयारीने यायचे. त्यांना मी रोजच्या जेवणाचे विचारले.

"जेवन काय जी, साधंच," ते म्हणाले. "भाकर, अन् ठेचा."

"किती मिरच्यांचा?"

"मोजून कोन खाते?"

खडूची भुकटी दिली, ठेचा बंद केला. ते बरे झाले, पण माझ्यावर चिडले ते चिडलेच.

पण काही माणसे बोट ठेवत नाहीत. सगळा तळहात छातीच्या मध्यावर ठेवतात, किंवा मूठ वळतात, आणि शब्द शोधत राहतात. दुखते म्हणत नाहीत. 'दाबते', 'आवळते', 'कोणी बसलं आहे' असे म्हणतात. अशा माणसांची मला भीती वाटे. हे दुखणे काळजाचे असू शकते, आणि त्यावर आमच्या कपाटात फारसे काही नव्हते. आजही नाही.

माझ्या हातात लाकडी नळी होती. तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावायचे. या नळीवर लोकांचा फार संशय. आतले बोलणे हिला ऐकू येते, मनातले पाप कळते, अशी बोलवा होती. एका बाईने मला सरळ विचारले, "आयकाचं असन तर माह्या नवऱ्याचं आयका न. माह्यात काय ठेवलंय?" लोक माझ्यावर संशय घेत, आणि हळूहळू मीही लोकांवर घ्यायला शिकलो. कोण खरेच आजारी, कोण काम चुकवतो, कोण दारू लपवतो.

सरकी काढणाऱ्या एका बाईने मला या संशयाचा उपयोग शिकवला, असे मला वाटले. तिची छाती आवळून यायची, दम लागायचा, पण तो दर बाजाराच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी. मुकादम म्हणाला, "सुट्टी झाली का नाटकं." मी तिला आठ दिवसांचा सगळा दिनक्रम विचारला. सुट्टीत मोकळ्या हवेत छाती मोकळी व्हायची आणि पुन्हा रुईच्या धुळीत बसली की आवळायची. नाकातोंडाला ओले फडके बांधायला सांगितले, बसायची जागा दारापाशी हलवायला लावली. तिला बरे वाटले. मोठ्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. तेव्हापासून मी ठरवून टाकले, की दुखणे कधी येते आणि कधी येत नाही एवढे नीट लिहून काढले, की गुन्हेगार सापडतो. हाच माझा गर्व.

तुळशीरामजी कापसाचे दलाल होते. पन्नाशीचे, भरलेल्या अंगाचे, हसरे. घर जुन्या गावात वेशीच्या आत आणि कापसाचा बाजार वेशीबाहेर चढावर. ते स्वतः दवाखान्यात आले नाहीत. त्यांच्या बायको गिरजाबाई आल्या आणि मला घरी घेऊन गेल्या.

"दोन महिने झाले," त्या वाटेत म्हणाल्या. "जेवून बाजारात गेले का घरी येते तवा त्यायचं तोंड पांढरं. इचारलं तर काईच नाई म्हन्ते. एका दिशी छातीवर हात ठेवून बसलेले म्या पाह्यले."

"उपवासाच्या दिवशीही दुखते का?"

त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिले. "एकादशीले नाई होत," त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरी चांदूर बाजारले आठ दिवस होते, तवा बी नाई झालं." आणि मग आवाज उतरवून, "सयपाक सून करते जी. येऊन सहा महिने झाले."

हे वाक्य त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवले आणि पुढे चालू लागल्या.

तुळशीरामजी बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले होते. मी कोठे दुखते विचारले. त्यांनी आधी बोट उचलले, मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "अजीरन हाय, डाक्तर. तुमची नळी ठेवा तिकडे." नळी लावली. विश्रांतीत बसलेल्या माणसाच्या छातीत मला काहीही वावगे ऐकू आले नाही. स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. तिचे नाव यमुना. माहेर अकोल्याचे. मुलगा नारायण हंगामापुरता खामगावच्या बाजारात होता. यमुनाने माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी तो उचलला नाही. तिने ते पाहिले की नाही, मला तेव्हा कळले नाही.

खरे सांगतो, माझ्या मनात त्याच घटकेला सोमल आला, धोत्रा आला. कॉलेजात विषांवरची व्याख्याने मी सगळ्यांत मन लावून ऐकली होती. थोडे थोडे विष दिले तर कसे दिसेल? उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, हे विषाच्या विरुद्ध होते. पण एकादशीला दुखत नाही, लेकीकडे दुखत नाही, आणि सुनेच्या हातचे जेवून गेले की दुखते. वहीतले तीन रकाने एकाच बाजूला झुकत होते.

मी दोन गोष्टी सांगितल्या. आठ दिवस तुळशीरामजींनी बाजारात जायचे नाही, बंगईवर बसून राहायचे. आणि आठ दिवस सुनेने चुलीजवळ जायचे नाही, स्वयंपाक गिरजाबाईंनी करायचा.

या दोन गोष्टी मी एकदम सांगितल्या. शिकणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दोनदा वाचावे.

आठ दिवसांत दुखणे एकदाही आले नाही. गिरजाबाई दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, ते मी त्यांच्या बाजूने लिहायला हवे. त्या घाबरल्या होत्या.

"मी पोरीले काई बोलली नाई," त्या म्हणाल्या. "पन आता तिच्या हातचं पानी घेववत नाई. तिले बापाकडे पाठवतो. तिचा बाप इचारल, काहून पाठवली? तुमी लिहून द्या."

मी विष असे लिहिणार नाही म्हणालो. विष सापडले नव्हते. मी सत्य तेवढेच लिहीन. आणि दवाखान्याच्या कागदावर, माझ्या चांगल्या अक्षरात, मी लिहिले: 'सुनेच्या हातचे अन्न बंद केल्यापासून तुळशीरामजींच्या छातीतले दुखणे थांबले आहे.' खाली सही केली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तिसऱ्या दिवशी यमुना खासरात बसून अकोल्याला गेली. तो कागद तिथे चार माणसांत वाचला गेला, हे मला पुढे कळले.

तुळशीरामजी पुन्हा बाजारात जाऊ लागले. पंधरा दिवस गेले. मी एका सकाळी बाजारातल्या एका जखमी हमालाला पाहायला चढावरून चाललो होतो. पुढे तुळशीरामजी चालत होते, हिवाळ्याचा वारा समोरून. चढाच्या मध्यावर कडुलिंबाखाली ते थांबले, डोक्याचा पटका सोडला आणि पुन्हा बांधू लागले. अगदी सावकाश, एकेक फेरा. त्यांची ही सवय सगळ्या बाजाराला माहीत होती. मीही पूर्वी दोनतीनदा पाहून हसलो होतो.

पुढून येणाऱ्या एका गाडीवानाने हाक दिली, "काय जी तुळशीरामजी, रोज अठीच पटका सुटते तुमचा? डोस्कं बारीक झालं का काय?"

"बाजारात जाचं म्हटलं तर नीट दिसलं पायजे न बावा," ते म्हणाले. आवाज अर्धाच निघाला.

मी बाजूला पोहोचलो होतो. हिवाळ्याची सकाळ, अंगावर घोंगडी घ्यावी असा वारा, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. पटका बांधणाऱ्या दोन हातांपैकी डावा हात मध्येच खाली आला आणि मुठीने छातीच्या मध्यावर टेकला.

कॉलेजात पहिल्याच वर्षी आमच्या अध्यापकांनी सांगितले होते: काळजाच्या या दुखण्याचा रोगी भरल्या पोटी, थंड वाऱ्यात, चढ चढताना थांबतो. थांबले की दुखणे जाते. आणि तो बहुतेक वेळा काहीतरी पाहत असल्याचे सोंग करतो, कारण थांबल्याची त्याला लाज वाटते. मी हे वहीत लिहून घेतले होते, खाली रेघही मारली होती. मी तुळशीरामजींची छाती ऐकली होती, पण त्यांच्याबरोबर शंभर पावले कधी चाललो नव्हतो. तपासले ते त्यांना बसवूनच. एकादशीला ते अर्धपोटी निघत. लेकीकडे ते ओसरीवर बसून असत. माझ्या आठ दिवसांत तर मीच त्यांना बंगईवर बसवले होते. आज त्यांच्या पोटात गिरजाबाईंच्या हातची भाकर होती.

ते पटका बांधून पुढे गेले आणि मी त्यांच्या मागोमाग बाजारात शिरलो. अजूनही मनात एक शंका होती, आणि ती मला बरी वाटत होती. काळीज आज बिघडले असेल, आधी विषच असेल, अशी. माणूस आपल्या कागदाला किती चिकटून बसतो!

कापसाचा सौदा तोंडाने होत नाही. दोन दलाल समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात. शेजारच्या माणसाला काही कळत नाही. तुळशीरामजींच्या समोर त्या दिवशी हबीबभाई बसले होते. हबीबभाई त्यांचे वीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. बाजारात दोघे एकमेकांना रोज शिव्या देत. सौदा आटोपल्यावर मी हबीबभाईंच्या गादीवर गेलो आणि विचारले, "तुळशीरामजींची तब्येत कशी वाटते?"

त्यांनी रुमाल झटकला. "कोनाच्या वतीनं इचारून राहिले?" ते म्हणाले.

"माझ्याच."

"तर मंग आयका. तुमी नळीनं आयकता, आमी हातानं आयकतो. चढ चढून आल्यावर त्याचा हात मोटेच्या नाड्यासारखा अस्ते. वला अन् गार. बोटं धरते तर पकड नाई. मी रुमालाखाली त्याचा हात उगाच धरून बसतो, सौदा लांबवतो. घडीभरानं गरम होते. मंग भाव बोलतो."

"कधीपासून?"

"दोन हंगाम झाले. पोराचं लगन झालं तवा मी वरातीत होतो. त्याच्या आंदीच्या अख्ख्या हंगामात हात असाच."

माझ्या कानात दोन हंगाम हे शब्द घुमले. यमुना घरात येऊन आठ महिने व्हायचे होते.

"कोणाला सांगितले का नाही?"

"वा डाक्तर!" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "दलालाचा हात गार पडते हे बाजारात कळलं, तर उद्यापासून त्याच्या रुमालाखाली कोन हात घालल? माहा दुश्मन हाय थो. पन माह्याच हातानं मरावा असा नाई." मग म्हणाले, "सुनंचं आयकलं म्या. तवा बोलाले पायजे होतं. नाई बोललो. तुमचा कागद होता न."

संध्याकाळी मी तुळशीरामजींच्या घरी गेलो. गिरजाबाई दिवा लावत होत्या. मी पटक्याची गोष्ट सांगितली, हबीबभाईंचे नाव न घेता हाताची गोष्ट सांगितली. तुळशीरामजींनी एकदा नाही म्हणून पाहिले. मग बंगईची कडी धरून बसले.

"दोन सालं?" गिरजाबाई म्हणाल्या. दिव्याची काडी त्यांच्या हातात विझली. "अन् पोरगी गेली तवा तुमी अठी बसून पाह्यलं?"

"काय सांगू मी?" ते म्हणाले. "दलालाचा हात सलामत पायजे. थो नसला तर दलाल घरी राह्यला काय अन् बाजारात काय. म्या म्हटलं, पोरगी दोन महिने बापाकडे राहील, डाक्तर औषीद देईल, दुखनं जाईल, मंग कोनाले काई सांगाची गरजच नाई." मग ते माझ्याकडे वळले. "अन् खरं सांगू का? तुमी लिहून देल्लं न, तवा मले बी वाटलं, बावा, शिकलेला मानूस म्हन्ते, असंल बी. पयलं दुखनं येगळं असंल, हे येगळं असंल. माह्यी छाती, मले ठावं होतं, तरी म्या तुमच्या कागदावर इश्वास ठेवला."

त्यांनी हे रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर मला सोपे गेले असते.

मग मी त्यांना जे सांगायचे ते सांगितले. हे दुखणे काळजाचे आहे. ते मुळासकट घालवणारे औषध माझ्याकडे नाही, आणि कोणी आहे म्हटले तर त्याच्यावर संशय घ्या. जेवण अर्धे करा, जेवल्यावर घटकाभर हलू नका, बाजारात दमणीतून, बैलांच्या हलक्या गाडीतून, जा. दुखू लागले तर जिथे असाल तिथे थांबा, पटक्याचे निमित्त न करता थांबा. फार झाले तर छातीवर मोहरीचा लेप, आणि मी देईन ती अफूची लहान गोळी. दारू नाही, तंबाखू नाही. एवढेच. पूर्ण बरे व्हाल असे मी म्हणालो नाही.

"दमनीतून गेलो का बाजाराले कळन," ते म्हणाले.

"कळू द्या," गिरजाबाई म्हणाल्या. "सुनेचं सगळ्या अकोल्याले कळलं, तुमचं चार दलालायले कळू द्या."

बडनेऱ्याकडे रेल्वेचे काम चालू आहे असे तेव्हा नुसते ऐकत होतो. आम्ही तिघे दमणीने, वाटेत तीन मुक्काम करत अकोल्याला गेलो. वाटेत तुळशीरामजी दोनदा म्हणाले, "तुमीच बोला, डाक्तर." मी काय बोलायचे ते मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात माझी चूक लहान होत होती. मग मी जुळवणे सोडले.

यमुनाच्या वडिलांनी आम्हांला ओसरीवर बसवले, पाणी दिले, आणि काहीही न विचारता आत निघून गेले. यमुना दाराच्या आड उभी राहिली. मी सगळे सांगितले: मी दोन गोष्टी एकदम केल्या, दुखणे तुझ्या लग्नाच्या आधीचे आहे, तुझ्या स्वयंपाकाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

ती पदराची गाठ सोडत होती. गाठीत माझा कागद होता, घामाने मऊ झालेला.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "पन चार मान्सांत वाचला, तवा पाठ झाला." आणि तिने तो म्हणून दाखवला, एकही शब्द न चुकता. माझी पुस्तकी भाषा तिच्या तोंडून ऐकताना मी जमिनीकडे पाहत होतो. "यातलं खोटं काय हाय, थे सांगा."

मी कागद हातात घेतला. "शब्द खोटा नाही," मी म्हणालो. "पण..."

"मंग मी लोकायले काय सांगू? शब्द खरा हाय, पन मी बी खरी हाय?"

गिरजाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "माय, मी चुकली. मीच कागद मांगतला. चाल घरी."

"येतो, आत्याबाई," यमुना म्हणाली. "पन दुसरा कागद पायजे. त्यात दुखनं कवाचं हाय थे लिवा, अन् चूक कोनाची हाय थे लिवा. त्याच चार मान्सांत वाचा. अन् थो कागद माह्यापाशी राहीन, घरात नाई." तुळशीरामजींकडे न पाहता ती पुढे बोलली, "अन् घरी गेल्यावर पयला सयपाक मी करन. मामाजी खातीन, तुमी खासान. अन् हे डाक्तर बी खातीन."

मी तिथेच ओसरीवर बसून लिहिले. तुळशीरामजींना दोन वर्षांपासून काळजाचे दुखणे आहे. त्याचा सुनेच्या हातच्या अन्नाशी संबंध नाही. माझा पहिला कागद चुकीच्या तपासावर लिहिलेला होता. चार माणसे बोलावली. मी स्वतः वाचला. दलालाचे दुखणे वाचताना तुळशीरामजी मान खाली घालून बसले होते. पण उठून गेले नाहीत.

अमरावतीला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पाट मांडले गेले. नारायण खामगावहून आला होता. बायकोने सांगायच्या आत त्याने पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या. भाकर, वरण, वांग्याची भाजी. तुळशीरामजींनी पहिला घास घेतला, गिरजाबाईंनी घेतला. मी घेणार होतो. हात ताटात गेला आणि थांबला. एक श्वासभर, त्याहून जास्त नाही. माझी नजर तुळशीरामजींच्या छातीवर होती. त्यांचा हात कोठे जातो ते मी पाहत होतो.

विष नव्हते, हे मला ठाऊक होते. दुखणे कळले होते. दोन कागद माझ्याच हातांनी लिहिले होते. तरीही.

यमुना वरणाची पळी घेऊन समोर उभी होती. ती तुळशीरामजींकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"वाढू का, डाक्तर," ती म्हणाली, "का अजून थांबून पायता?"

"वाढा," मी म्हणालो, आणि पानात पडले तेवढे सगळे जेवलो.

तुळशीरामजींनी तो हंगाम दमणीतून जाऊन पुरा केला आणि पुढल्या हंगामात दलाली सोडली. हबीबभाई त्यांच्या ओसरीवर शिव्या द्यायला येत. मी कॉलेजात परत आलो. जाताना यमुनाला भेटलो तेव्हा कागद नीट आहे ना असे विचारले. आहे म्हणाली. मी हे सगळे लिहून छापले तर चालेल का असेही विचारले.

"लिवा," ती म्हणाली. "पन जेवताना तुमी थांबले होते, थे बी लिवा. थे कागदात नाई."